दहावा शब्द

माझ्या मुलाचे दोन वाढदिवस आहेत. एक खरा, ऑगस्टमधला, आणि एक शाळेचा, मे महिन्यातला. शाळेचा मी दिला. निपाणीच्या शाळेत त्याचं नाव घालायला गेले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "जूनला पाच पूर्ण झालेली पायजेत बघा." पोरगं माझा पदर धरून उभं होतं, अंगानं थोराड, आणि घरात त्यानं मला नुसता वात आणला होता. मी म्हटलं, "झाली की." त्यांनी मान वर न करता तारीख लिहून घेतली. त्या काळी असल्या थापेला कुणी थाप म्हणत नसे. आमच्या भागात अर्धा तालुका एक जूनलाच जन्मलेला आहे. त्या मानानं मी मे महिना तरी सांगितला.

ही तीन महिन्यांची थाप आठ वर्षांनी माझ्या अंगाशी आली. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. पोराच्या बार मित्झवाची तयारी चालली होती.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. माझं माहेर कोकणातलं, तिथं आमची बरीच घरं, आमची मशीदही होती. सिनेगॉगला आमच्यात मशीदच म्हणायचे. सासर मात्र इकडचं, आणि निपाणीत आमच्यातलं आमचं एकच घर. लग्न होऊन आले तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, तुमी म्हंजे नेमकं कोन? मी सांगून सांगून दमले आणि शेवटी म्हणायला लागले, आम्ही शनिवारी चूल न पेटवणारे. तेवढं सगळ्यांना कळायचं. बार मित्झवा म्हणजे काय, ते शेजारच्या आक्कानं मला एकदा विचारलं. ही आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि संध्याकाळी परत आली की तिच्या लुगड्याच्या वासानं माझं आख्खं अंगण भरायचं. मी म्हटलं, "मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला मोठ्या माणसांत घेतात. तो उभा राहून आमच्या धर्मग्रंथातला उतारा वाचतो."

"मुंजीवानीच की मग."

"व्हय, मुंजीसारखंच. पण डोकं न्हाय करत."

"मग बरं हाय. केस चांगलं हाईत पोराचं."

बोलताना सोपं होतं. पण ते आमच्या घरात व्हायला हवं होतं, निपाणीत, आणि लवकर. त्याचं कारण आप्पा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. जंगल खात्यात गार्ड होते. सगळी नोकरी खानापूरच्या रानात गेली, त्यातली शेवटची बारा वर्षं जांबोटीला. माझं पोरगंही तिथंच झालं. त्यांचं स्वतःचं बार मित्झवा कधी झालंच नाही. त्यांचे वडील नंदगडला हवालदार होते. तिथं आमच्यातली माणसं कुठून आणायची? तेरावं वर्ष आलं आणि गेलं. मग दोन मुलगे झाले, थोरले माझे यजमान आणि धाकटे पुण्याचे भाऊजी. दोघांचंही पुण्याला झालं. थोरल्याच्या वेळी आप्पा वणवा विझवत डोंगरात होते. धाकट्याच्या वेळी रजा मिळाली, सदरा इस्त्री करून घातला, जांबोटीच्या फाट्यावर येऊन बसले आणि बस आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तोवर तिकडं सगळं आटोपलं होतं. हे ते हसत सांगायचे. पण सारखं सांगायचे. त्यावरून मला समजायचं.

आता ते आमच्याकडेच होते, पुढच्या खोलीत खाटेवर. दम्यानं त्यांचं पार चिपाड झालं होतं. होळीच्या सुमाराला डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "हे बघा वहिनी, पावसाळा निघणं कठीण आहे." मी आत आले तर आप्पा विचारतात, "काय म्हणला?" मी म्हटलं, "पथ्य पाळा म्हणाले." आप्पा म्हणाले, "पथ्य पाळतो की. पर नातवाचं बघून जायाचं हाय मला. ते तेवढं बघतो, मग तुमी काय खायाला घालाल ते घाला."

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. संध्याकाळी हे घरी आले. हे टेलिफोन खात्यात लाइनमन, दिवसभर खांबावर चढून उतरून जेवणापुरतेच बोलायचे. त्यांना मी म्हटलं, मेमध्ये उरकून घेऊ.

"अगं, तेरा ऑगस्टला होतात त्याला."

"शाळेत मेमध्ये होतात."

"आणि देवाच्या शाळेत?"

"देव काय दाखला बघणारे?" मी म्हटलं. "आणि ऑगस्टपर्यंत तुमचे वडील राहतील असं लिहून देता?"

ते गप्प जेवले. आमच्या घरात गप्प जेवणं म्हणजे होकार. मी मनाशी हिशेब केला होता तो असा: उतारा वाचायचा तर तेरा काय नि पावणेतेरा काय, तोंड तेच. कुणाचं काही बिघडत नाही. म्हाताऱ्या जिवाला समाधान मिळतंय. पुण्याच्या हाझानना, म्हणजे आमच्या प्रार्थना चालवणाऱ्या माणसाला, मी पत्रात शाळेचीच तारीख कळवली आणि पत्र पेटीत टाकताना हात जराही अडखळला नाही. आप्पांना तारखा आता आठवत नाहीत, अशी माझी समजूत होती. ते मला कधीकधी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे.

खरी काळजी वेगळीच होती. आमच्यात अशा प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेरा पूर्ण झालेले. नऊ असले तर सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडतसुद्धा नाहीत. कोकणात असते तर गल्लीत हाक मारून दहा जमवले असते. इथं एकेकासाठी कार्डं लिहावी लागली. बेळगावच्या कॅम्पात आमची चार घरं होती, त्यातली दोन आदल्या वर्षी इस्रायलला निघून गेली होती. उरले एक रिटायर सुभेदार आणि त्यांचा जावई, तो दवाखान्यात कंपाउंडर. मिरजेहून एक रेल्वेतले गार्ड आणि त्यांचा मुलगा. पुण्याचे भाऊजी, त्यांचा मोठा मुलगा, आणि हाझान. घरचे दोन, हे आणि आप्पा. किती झाले? नऊ. दहावा माझा भाऊ, माहेरचा. तो तसा नुसता भाऊ. पण त्या वर्षी मला तो देवापेक्षा मोठा वाटायला लागला. त्याला मी तीन कार्डं टाकली आणि चौथ्यात लिहिलं की आला नाहीस तर मेल्यावर तोंड बघायलाही येऊ नकोस.

आमच्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत, वाईट मानतात. म्हणून मी कपबश्या मोजायचे. दहा बश्या निराळ्या काढून फळीवर ओळीनं मांडल्या होत्या आणि येता-जाता त्यांच्याकडे बघायचे. कुणाचं उत्तर आलं नाही की त्या बशीकडे बघून चिडायचे. आक्कानं एकदा विचारलं, "ह्या कशाला येगळ्या?" मी सांगितलं, दहा माणसं लागतात. ती म्हणाली, "एवढंच? आमच्या गल्लीतली शंभर आनती की मी." मी म्हटलं, "आमच्यातलीच लागतात गं." तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग आमच्या मालकास्नी दारात हुबं करते. मोजू नका. नुसतं हुबं ऱ्हातील." मला हसू आलं आणि मग का कोण जाणे रडूही आलं.

पोराला शिकवायचं कामही माझ्याकडेच. भाऊजींनी उतारा मराठी अक्षरांत लिहून वही पाठवली होती, पण चाल कोण शिकवणार? हे सुट्टीच्या दिवशीही खांबावर. चाल मला येत होती. माझे वडील घरात मोठमोठ्यानं म्हणायचे आणि मी धुणं धूत ऐकायचे. बाईला हे शिकवत नाहीत, पण कानाला कोण बंदी घालणार? रोज संध्याकाळी मी भाकऱ्या थापत म्हणायचे, तो तव्याशेजारी बसून माझ्यामागं म्हणायचा आणि चुकला की मी पिठाच्या हातानं त्याच्या पाठीत एक द्यायचे. त्याच्या सदऱ्यांच्या पाठीवर त्या दोन महिन्यांत पांढरी बोटं असायची. पुढच्या खोलीतून आप्पा ऐकायचे. चुकला की खाटेवर काठी आपटायचे. बरोबर म्हटला तर काहीच आवाज यायचा नाही, आणि मग मीच जाऊन बघून यायचे, श्वास चाललाय ना.

मे आला. भिंतींना चुना मारला. काळे मनुके भिजत घातले, त्यांचं शरबत करतात आमच्यात, द्राक्षाच्या दारूच्या जागी. मलिद्यासाठी पोहे, नारळ, वेलदोडे आणून ठेवले. कोंबडी कापायला आमच्या पद्धतीचा माणूस नाही, म्हणून जेवण बिनमटणाचं. पोराला पांढरा सदरा शिवला, बाह्या जरा लांब ठेवल्या, दुमडून. बुधवारी संध्याकाळी हाझान आणि बायकोमुलासह भाऊजी पुण्याच्या बसनं उतरले. हाझाननी सेफर तोरा दोन चादरींत गुंडाळून पुण्यापासून निपाणीपर्यंत मांडीवर धरून आणली होती. पाय इतके भरून आले होते की त्यांना आधी ओट्यावरच बसवावं लागलं. बेळगावचे, मिरजेचे सगळे अंधार पडायच्या आत आले. फळीवरच्या नऊ बश्या लागल्या. भाऊ रात्री कोल्हापुरात मुक्काम करून गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसनं येणार होता. कोल्हापूर ते निपाणी काय, तासा-दीड तासाचा रस्ता.

गुरुवार उजाडला. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आमच्यात सेफर उघडतात, म्हणून गुरुवार धरला होता. आप्पांना ह्यांनी अंघोळ घातली, पांढरा सदरा, टोपी घातली, खाटेवर उशा लावून बसवलं. आठ वाजले. साडेआठ. मी चहा दोनदा केला. माझा जीव स्टँडवर होता. नऊच्या सुमाराला टेलिफोन ऑफिसातला शिपाई सायकलवरून आला. माझ्या भावानं कोल्हापुरातून फोन करून एक्स्चेंजमध्ये निरोप ठेवला होता. सीमेवरून त्या आठवड्यात पुन्हा काहीतरी तापलं होतं, असं आमच्याकडे अधूनमधून व्हायचंच. कोगनोळीच्या नाक्यावर बस अडवली, काचांवर दगड पडले आणि ड्रायव्हरनं गाडी वळवून परत कोल्हापूरला नेली. आज आता एकही गाडी सुटणार नाही. भाऊ स्टँडवरच बसून होता.

मी त्या शिपायाला चहाही विचारला नाही. कोगनोळी म्हणजे आमच्या घरापासून दोन हाका. तिथवर येऊन परत गेला होता माझा दहावा माणूस.

आत सगळ्यांना समजलं. पोरगं पांढरा सदरा घालून मधोमध उभं, वही हातात. त्याची बोटं घामानं ओली झाली होती, ती वहीला पुसत होता. हाझान उठले. आकड्यानं मोजायचं नाही म्हणून आमच्यात दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एकेका माणसाकडे बोट करून एकेक शब्द. शब्द पुरले की माणसं पुरली. त्यांनी थोरल्यापासून सुरुवात केली. पहिला शब्द आप्पांवर. मग सुभेदार, मिरजेचे गार्ड, हे, भाऊजी, जावई, दोन्ही तरणी पोरं. नववा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटला. दहाव्याला बोट हवेत राहिलं.

आणि मग ते बोट माझ्या मुलाकडे वळलं.

"ह्याची तेरा पूर्ण झाली ना?" हाझाननी विचारलं. "मग हाच दहावा. अडतंय कुठं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातातलं फडकं मी किती पिळलं मला माहीत नाही. हे मी धरलंच नव्हतं. वाचायचं निराळं, मोजायचं निराळं. नऊ मोठी माणसं खरी आणि दहावा खोटा, म्हणजे सगळ्यांचीच प्रार्थना खोटी. सेफर उघडणार ती माझ्या थापेवर.

"झाली, झाली," हे म्हणाले. मान खाली. मी लग्न झाल्यापासून त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि बोलायला येतही नव्हतं.

हाझानना काय वाटलं कुणास ठाऊक. ते आप्पांकडे वळले. "आजोबा, तुम्ही थोरले. नातवाची तेरा पूर्ण?"

मी देवाचा धावा केला. कसला, तेही सांगते. म्हातारा हो म्हणू दे, असा. आप्पांनी डोळे मिटले. दम खाऊन म्हणाले, "त्याच्या आईला इचारा. जिनं जन्म दिला, तिला म्हाईत."

सगळे पुरुष माझ्याकडे बघायला लागले. ज्या मोजणीत मला कधी कुणी धरलं नव्हतं, तिची साक्ष माझ्याकडे आली. आप्पांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत राग नव्हता, दटावणी नव्हती. हो म्हटलं असतं तर त्यांनी तेही घेतलं असतं, असं मला अजून वाटतं. समोर त्यांचा पांढरा सदरा, टोपी, उशांना टेकलेली ती पाठ. एक शब्द बोलायचा होता. नंदगडपासून थांबलेलं सगळं त्या एका शब्दात मिळालं असतं त्यांना.

"नाही," मी म्हटलं. "ऑगस्टला होतात. शाळेत मी खोटं सांगितलं होतं."

भाऊजींची बायको माझ्यामागं 'अगं बाई' म्हणून पुटपुटली. हाझानांचं तोंड लाल झालं. पुण्यापासून मांडीवर सेफर घेऊन आलेला माणूस. बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. पण त्याआधी आप्पा बोलले. "मग थांबू," ते म्हणाले. "तीन म्हैनं काय लई न्हाईत."

सेफर चादरीत गुंडाळलेली तशीच टेबलावर राहिली. दहाशिवाय जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. मलिदा वाटला, शरबत दिलं. आक्काचे मालक सकाळपासून डोक्याला रुमाल बांधून दारात उभे होते, त्यांना वाटलं झालं सगळं. त्यांनी पोराच्या हातात नारळ ठेवला. पोरगं तो नारळ घेऊन माझ्याकडे आलं.

"आई, मी म्हंजे अजून बाराच वर्षांचा?"

"व्हय रं."

"मग तू मला आधी का न्हाय सांगितलंस?"

मी त्याच्यावरच खेकसले, नारळ ठेव खाली, सदरा काढ, मळेल. नंतर मोरीत जाऊन रडले.

दुपारी सगळे पांगले तेव्हा मी आप्पांजवळ गेले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं." ते म्हणाले, "मला म्हाईत नसंल? जांबोटीत कंदील कुनी धरलावता? सुईन सांगंल तसा धरून हुबा होतो, भिंतीकडं त्वांड करून. भाईर पाऊस असला की एकमेकाचं बोलनं ऐकू येत न्हवतं. मे म्हैन्यात आसतो व्हय तसला पाऊस?" मी म्हटलं, "मग तुम्हीच का नाही सांगितलं?" त्यावर ते म्हणाले, "मी सांगितलं आसतं, तर तू खोटी पडली आसतीस." आणि मग, मी रडायला लागले तसं, हसून म्हणाले, "गप. मला थांबायची सवं हाय. बारा वर्सं जांबोटीच्या फाट्यावर बसची वाट बघितलीया मी."

आणि खरंच थांबले. जून गेला, जुलै गेला. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे आणि माझ्याकडे बघून खांदे उडवायचे. मी मात्र सैरभैर. दर आठवड्याचा उतारा वेगळा असतो, म्हणजे मेचा पाठ वाया गेला. ऑगस्टचा नवा, लांबलचक, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तवा, पुन्हा पाठीवर पिठाची बोटं. पोराचा आवाज फुटायला लागला होता, उंच चालीत मधेच घोगरा व्हायचा. आप्पांना आता काठी उचलत नव्हती, चुकला की ते नुसते बोटानं खाटेची कड वाजवायचे. मी पुन्हा कार्डं लिहिली. ऑगस्टातल्या एका शनिवारी त्याची तेरा पूर्ण होत होती, म्हणून पुढचा गुरुवार धरला. भावाला लिहिलं, दोन दिवस आधी निघ, आणि बस अडवली तर नाक्यावर उतरून चालत ये.

शनिवारी संध्याकाळी पोरगं आप्पांच्या पाया पडलं. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. शेवटी मीच तो उचलून खाली ठेवला, इतका जड झाला होता. "आता खरं," ते म्हणाले. रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते गेले होते.

त्याच दिवशी त्यांना बेळगावला नेलं. कॅम्पाच्या कडेला आमच्यातल्या चार-पाच जुन्या कबरी आहेत, तिथं पुरलं. घरी येऊन हे जमिनीवर बसले, सात दिवस बसतात तसे, आणि मी तारा पाठवल्या. काय लिहिणार? लिहिलं, आप्पा गेले, गुरुवारी यायचं ते तसंच या.

आले सगळे. पाऊस होता तरी आले. माझा भाऊ बुधवारीच आला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. हाझाननी सेफर पुन्हा मांडीवर धरून आणली होती. त्या सात दिवसांत घरच्या कुणी काही करायचं नव्हतं. आक्कानं आपल्या घरून चहाची किटली आणली आणि फळीवरच्या बश्या तिनंच काढल्या. आप्पांची खाट आम्ही भिंतीला उभी केली होती. पोरानं मेमधलाच सदरा घातला होता. दुमडलेल्या बाह्या मी पुढं कधीतरी उसवायच्या म्हणून ठेवल्या होत्या. त्या आता उसवल्याशिवाय पुरल्याच नसत्या.

हाझान उठले. बोट उचललं. पहिला शब्द म्हणताना ते क्षणभर उभ्या खाटेकडे बघत राहिले, मग सुभेदारांवर तो शब्द ठेवला. एकेक शब्द पुढं सरकला. गार्ड, हे, भाऊजी, माझा भाऊ, जावई, दोन्ही तरणी पोरं. नववा त्यांच्या स्वतःच्या छातीवर. मग बोट माझ्या मुलाकडे आलं आणि त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. या खेपेला विचारलं नाही. मी मान हलवली, आणि दहावा शब्द त्याच्यावर पडला.

सेफर उघडली, पोरानं उतारा वाचला. मग ह्यांनी उभं राहून आपल्या वडिलांसाठी कद्दिश म्हटली. मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती, तीही दहाशिवाय म्हणता येत नाही. माझा मुलगा पुरुषांच्या रांगेत उभा राहून त्या फुटक्या आवाजात 'आमेन' म्हणत होता. आणि मला आप्पांचा असा राग आला की काय सांगू. साठ वर्षं थांबलेला माणूस. फाट्यावर बसून रिकामा परतलेला माणूस. चार दिवस अजून थांबायला काय झालं होतं त्यांना? तो राग माझा अजून गेलेला नाही. ते थांबले असते तर त्या दिवशी आमच्या खोलीत अकरा पुरुष झाले असते.